मुंबई आली म्हणजे घर आलं नाही

जाताना काय न्यावं, कसं जावं, हे विचारणारी पत्रं या सदराकडे बाराही महिने येतात. या खेपेला मुद्दाम परतीच्या दिवसाबद्दल विचारा म्हटलं, तर ढीग पडला. नागपुरात बर्डीवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी सव्वीस वर्षं लोकांची तिकिटं काढली. आता मुलगी मँचेस्टरजवळ राहते म्हणून त्याच तिकिटांची शिक्षा स्वतः भोगते. तेव्हा उत्तरं थोडी त्या खुर्चीवरून आणि बरीचशी सुजलेल्या पायांनी लिहिली आहेत.

ताई, आम्ही दोघं (वय ७१ आणि ६७) मुलाकडून, शिकागोहून परत येत आहोत. मुंबईला सकाळी ११.४० ला उतरतो. मुंबई–नागपूरचं तिकीट मुलाने स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं, ते दुपारी २ चं आहे. दोन तास वीस मिनिटं पुरतील ना? — एक वाचक, मनीषनगर

काका, नाही पुरणार.

तुम्ही घड्याळ ११.४० पासून २ पर्यंत मोजलंत. मोजायचं असतं ते बॅगा घेण्याचा काउंटर बंद होईपर्यंत, आणि तो विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणजे तुमच्या हाती एक वाजेपर्यंतचा वेळ, ऐंशी मिनिटं. त्यात चाकं टेकल्यावर विमान दाराशी लागेपर्यंत दहा मिनिटं. तुमची जागा मागे असणार, पुढचे दोन-अडीचशे लोक वरच्या कप्प्यातून सामान उतरवणार, त्यात वीस गेली. मग तो न संपणारा गालिचा तुडवत इमिग्रेशन. त्याच सुमारास आणखी दोन मोठी विमानं उतरली असली तर रांग पाहून काकूंचा बीपी वाढेल. त्यानंतर पट्ट्यावर बॅगा.

आणि इथंच बहुतेक नागपूरकर फसतो. शिकागोला काउंटरवरच्या मुलीने बॅगेला नागपूरचा टॅग लावून दिला, तरी परदेशातून आलेलं सामान सहसा देशात पहिल्यांदा जिथं उतरता तिथंच ताब्यात घ्यावं लागतं. ते कस्टममधून स्वतः बाहेर काढायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं. "टॅग नागपूरचा आहे, जाईल आपोआप" असं समजून पट्ट्याकडे न बघता पुढे गेलेले लोक मी पाहिले आहेत. ते नागपुरात पोचतात, बॅगा मुंबईत फिरत राहतात.

आता वेगळ्या तिकिटाचं. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला असता, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असती. वेगळ्या तिकिटात दुसऱ्या कंपनीला तुम्ही शिकागोहून येताय की सीताबर्डीहून, याच्याशी काही देणंघेणं नाही. वेळेवर आला नाहीत, तिकीट गेलं.

शिवाय वजन. अमेरिकेच्या तिकिटावर तुम्हा दोघांना मिळून बहुधा २३ किलोच्या चार बॅगा असतील, म्हणजे ९२ किलो. देशातल्या साध्या तिकिटावर माणशी १५ किलो, दोघांचे ३०. उरलेल्या ६२ किलोंचे पैसे काउंटरवर, दर किलोमागे. एकाच तिकिटात प्रवास असला तर परदेशातली मुभाच सहसा शेवटपर्यंत चालते. तुमच्या मुलाने वाचवले असतील दोन-तीन हजार. हे त्याला प्रेमानेच दाखवा, पण दाखवा.

हे सगळं ठणकावून सांगणाऱ्या मी २०१८ च्या डिसेंबरात हीच चूक केली. शंभर गिऱ्हाइकांना जे करू नका म्हटलं, ते स्वतः केलं, अडीच हजारांसाठी. मुंबईला विमान वेळेवर उतरलं, माझी बॅग मात्र पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आली. त्यात पुढचं विमान टर्मिनल १ वरून. दोन्ही टर्मिनलं एकाच विमानतळाची असली तरी एक सहारला, एक सांताक्रूझला. आतून चालत जाता येत नाही, बाहेर पडून गाडीने रस्त्याने जावं लागतं. मी पोचले तेव्हा काउंटर बंद होऊन चारच मिनिटं झाली होती. मुलगी फार गोड बोलली, बॅग मात्र घेतली नाही. रात्रीच्या विमानाचं नवं तिकीट नऊ हजार आठशे.

खरी गंमत नागपुरात चालली होती. उतरल्याबरोबर मी यांना फोन केला, "पोचले." यांनी लगेच कुकर लावला. पुढचे सात तास मी लोखंडी खुर्चीवर आणि वरण घरी गॅसवर, दर तासाने गरम होतंय. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, चाकं टेकेपर्यंत "पोचले" हा शब्द वापरायचा नाही. "मुंबईला उतरले" म्हणायचं.

तर काका, काय करा. पहिली गोष्ट, मुलाला विचारा की हे एका तिकिटात बदलून मिळतं का. नसेल मिळत, तर नागपूरचं तिकीट संध्याकाळचं घ्या, मध्ये निदान पाच तास ठेवा आणि ते विमान टर्मिनल २ वरूनच सुटतंय ना हे बघून घ्या. वेळ उरला तर इडली खाऊन बसा, कोणी उठवत नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर सरकारच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशनसाठी आधीच ऑनलाइन नाव नोंदवा. दिल्लीला ते जून २०२४ मध्ये सुरू झालं, मुंबईला जानेवारी २०२५ पासून आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. एकदा बोटांचे ठसे नि फोटो दिला की पुढे यंत्राच्या फाटकातून जाता येतं. मी जाताना ठसे दिले, येताना रांगेकडे बघत बघत निघून गेले. त्या समाधानाची किंमत करता येत नाही.

आणि पुढल्या वर्षी जाल तेव्हा आखाताकडून येणारा मार्ग विचारून बघा. दोहा आणि शारजा इथून नागपूरला थेट विमानं येत आली आहेत. तेव्हा वेळापत्रक बघून घ्या. ती पोचतात बहुधा भलत्या वेळी, मध्यरात्र उलटल्यावर, पण इमिग्रेशन, कस्टम, पट्टा सगळं सोनेगावलाच. बाहेर पडलं की वर्धा रोड. मनीषनगरला तुम्ही वीस मिनिटांत घरी.

समजा यंदा गाडी चुकलीच, म्हणजे विमान, तर हातपाय गाळू नका. संध्याकाळी सीएसएमटीहून विदर्भ आहे, दुरांतो आहे, सकाळी नागपूर. आरक्षण मिळालं तर. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला तेव्हापासून तरुण मंडळी "गाडीनेच येऊ" म्हणतात. ७०१ किलोमीटर आहे तो. अमेरिकेहून आलेल्या, दीड दिवस न झोपलेल्या माणसाने त्याच्या स्टिअरिंगवर बसू नये, आणि तशा माणसाशेजारीही बसू नये.

बाबांचं वय ७९, गुडघे गेलेले. जाताना व्हीलचेअर मिळाली, छान झालं. येताना मात्र नागपूरला विमानाच्या शिडीशी आणून "उतरा" म्हणाले. तक्रार करावी का? — सक्करदरा

तक्रारीआधी तिकीट काढून बघा, त्यावर कोणतं अक्षर आहे. व्हीलचेअर मागताना तीन प्रकार असतात, आणि ते कोणी समजावून सांगत नाही. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस शिडी चढू-उतरू शकतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे शिडी जमत नाही, पण विमानात आपल्या जागेपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेपर्यंत न्यावं लागतं. बहुतेक एजंट सवयीने पहिला टाकतात. मीही टाकत असे, कबूल करते. मुंबईला पूल थेट विमानाच्या दाराला लागला तर फरक कळत नाही. नागपूरला बस आणि शिडी वाट्याला आली की कळतो. बाबांसाठी "एस" मागा, म्हणजे शिडीऐवजी उचलून खाली घेणारी गाडी, अँब्युलिफ्ट, लावण्याची तयारी त्यांना आधी करता येते. निदान ४८ तास आधी सांगा, आणि येतानाच्या तिकिटासाठी वेगळं सांगा. जाताना सगळे आठवणीने नोंदवतात, येताना विसरतात. तिकिटं दोन वेगळी असली तर दोन्हीकडे.

"एस" नोंदलेलं असूनही उतरा म्हणाले असतील, तर मात्र जरूर तक्रार करा. कंपनीकडे लेखी, बोर्डिंग पासच्या फोटोसकट.

विमानात बाबांना दर दीड-दोन तासांनी उठवून मधल्या वाटेत चार पावलं चालवा. बसूनही टाचा वर-खाली करायला सांगा. पोटरी हलली नाही की पायातलं रक्त साकळतं, त्याची गुठळी व्हायचा धोका असतो आणि तो म्हाताऱ्या माणसाला जास्त. आत हवा फार कोरडी असते, दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली. आपल्या मे महिन्यातल्या दुपारसारखी, फक्त गार. म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी. "सारखं बाथरूमला उठावं लागतं" म्हणून पाणी न पिणारे आमच्या घरीही आहेत. त्यांना मी सांगते, उठावं लागतं हेच बरं आहे. औषधांचा डबा हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन घेत असतील तर पश्चिमेहून येताना दिवस आखूड होतो, डोस कसे बसवायचे ते निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारा, शेजारच्या सीटवरच्या माणसाला नव्हे.

मुलाने जावयांसाठी विमानतळावर ड्यूटी फ्रीतून बाटली घ्यायला सांगितली आहे. हातात धरून नागपूरपर्यंत आणता येईल? — नाव नको

नाव नको ते समजलं. मुंबईपर्यंत सीलबंद पिशवीत हातात ठीक. पुढे नागपूरच्या विमानासाठी पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि तिथं बाटली अडू शकते. मुंबईला पट्ट्यावरून बॅग हाती आली की बाटली साडीत गुंडाळून त्या बॅगेत टाका आणि मग बॅग द्या. मेपल सिरप, ऑलिव्ह ऑइल, जॅम, सगळ्याला हेच लागू. फक्त ही उलथापालथ करताना पॉवर बँक चुकून मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका, ती हातातल्या सामानातच हवी. वजन कमी करायला जमिनीवर बॅगा उघडून बसलं की नेमकी तीच चूक होते. जावई सुदैवी आहेत.

विमान नागपूरला आलं, बॅग आली नाही. "उद्या येईल" म्हणाले म्हणून घरी आलो. चार दिवस झाले. आता काय? — इतवारी

पट्टा रिकामा फिरताना दिसला की बाहेर पडायचंच नाही. तिथल्या तिथे कंपनीच्या माणसाकडून पीआयआर भरून घ्यायचा, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा कागद, आणि त्याचा नंबर. तोंडी "उद्या"ला अर्थ नसतो. तुम्ही आजच जा, बोर्डिंग पासवर चिकटवलेला बॅगेचा टॅग घेऊन. तो फेकला नसेल अशी आशा करते. परदेशातून आलेल्या प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. बॅग फुटून-तुटून आली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. आणि २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. बॅगेत काय होतं त्याची यादी आज रात्रीच करा. आठवडाभराने आठवत नाही, आणि मग सगळ्या साड्या पैठण्या होतात.

मी जर्मनीत शिकतो. सुट्टीत नागपूरला आलो की पहिले चार दिवस रात्री तीनपर्यंत टक्क जागा आणि सकाळी उठवत नाही. आई म्हणते आळस. जाताना हा त्रास होत नाही. — धरमपेठ

आईला हे वाचायला द्या. आपल्या आतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्यामुळे दिवस लांबवणं, म्हणजे पश्चिमेला जाणं, त्याला सोपं. पूर्वेला येताना दिवस आखडावा लागतो, ते त्याला आवडत नाही. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. एका तासाला साधारण एक दिवस धरतात, म्हणजे तुझे चार दिवस हिशोबात बसतात.

आता एक गोष्ट सांगते, मला स्वतःला ती उशिरा कळली. आपल्याकडे लगेच सल्ला मिळतो, "पहाटे उठून अंबाझरीला फिरायला जा." पहिल्या दोन दिवशी ते करू नकोस. नागपूरला पहाटेचे साडेपाच म्हणजे तुझ्या शरीरात मध्यरात्र उलटून एक-दोन वाजलेले. त्या वेळी डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ पुढे सरकण्याऐवजी मागे जातं. नऊ-साडेनऊनंतर उजेडात बस, दर दिवशी थोडं लवकर बसायला लाग, चौथ्या दिवशी अंबाझरीला जा. मे महिन्यात येशील तर साडेनऊला अंगणात उभं राहणं म्हणजे पापड भाजणं. व्हरांड्यात बसलास तरी चालतं, उजेड डोळ्यांपर्यंत पोचल्याशी मतलब. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, गजर लावून. कूलरच्या आवाजात ती तीन तासांची होते, हा अनुभव. आणि पोचल्याच रात्री मित्रांबरोबर सावजी खायला जातोस ना? पोट अजून जर्मनीच्या वेळेवर आहे रे बापा. एक दिवस थांब.

मुलगी म्हणते घ्यायला येऊ नका, मी मेट्रोने येईन. आम्हाला बरं वाटत नाही. — त्रिमूर्तीनगर

एक छोटी बॅग असेल तर येऊ द्या. दोन मोठ्या असतील तर जा घ्यायला. एअरपोर्टचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तेवढं मधलं अंतर आणि त्या बॅगा, चोवीस तासांच्या प्रवासानंतर, नको. पण एकाच गाडीत जा. आत्या, मामा, शेजारच्या काकू अशा तीन गाड्या घेऊन गेलात तर ती पोर सगळ्यांच्या पाया पडण्यातच अर्धी होईल. पाण्याची बाटली न्या. "काय काय आणलंस" हे दुसऱ्या दिवशी विचारा.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, वय ८४. एके काळी रात्री देशाच्या चारही कोपऱ्यांची विमानं नागपुरात भेटत. आज माझ्या नातीला पुण्याची मैत्रीण भेटायलाही मुंबई-दिल्लीचे फेरे सुचवतात. हे उलटं कसं झालं? — काटोल रोड

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कारण सांगते पुढे.

नव्या वाचकांसाठी: जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, चारही मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची, पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. विमानांत प्रवासीही असत. नागपूर मधोमध होतं म्हणून हे जमलं. १९७३ मध्ये ती सेवा बंद झाली.

उलटं झालं नाही, विमानं बदलली. त्या वेळच्या डाकोटाला एका दमात फार लांब जाणं परवडत नसे, मध्ये उतरावंच लागे, आणि मध्ये म्हणजे आपण. जेट आल्यावर मुंबईहून कलकत्ता थेट दोन-अडीच तासांचं झालं. मधल्या गावाची गरज संपली. आता विमानं आपल्या डोक्यावरून जातात. दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना वर बघा, पांढऱ्या रेघा दिसतील. पुण्याचं मात्र नातीला सांगा की थेट विमान आहे का ते आधी पाहा. वेबसाइट स्वस्तातलं म्हणून काहीही वळसे दाखवतात.

आता कारण. माझे बाबाही टपालात होते, सोनेगावच्या त्या रात्रपाळीला. आम्ही सोमलवाड्याला राहायचो. ते रात्री दहाला सायकल काढायचे, आई डबा द्यायची, त्यात बहुतेक वेळा झुणका. मी शाळेत होते. गच्चीवर झोपलेलं असताना पहिल्या विमानाचा आवाज आला की आम्ही भावंडं मोजायचो: एक, दोन, तीन. चौथं येईपर्यंत बहुतेक झोप लागलेली असायची. एखाद्या रात्री चौथ्याला उशीर झाला की बाबा सकाळी उशिरा यायचे, आणि आल्यावर पहिलं वाक्य असायचं, "मद्रास लेट होतं."

तुम्ही त्या पाळीला होतात का, हे पत्रात लिहिलेलं नाही. असाल तर कळवा. त्या काळचा धावपट्टीवरचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर तोही मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नकल काढून मूळ प्रत मी स्वतः काटोल रोडला आणून देईन.